आधीच भरलेला रकाना

पूर्वी ती तपासणी बारा नंबरच्या खोलीत होती.
व्हरांड्याच्या टोकाला, मुतारीच्याही पुढे,
पाटी अशी की वाचणाऱ्यालाच लाज वाटावी.
तिथवर चालत जाणाऱ्याची पाठ
बाकांवर बसलेलं अख्खं पारोळं वाचायचं.

कुणाला पाठवायचं, ते मी ठरवायचे.
खरं सांगते, तोंड बघून.
हायवेवरचा क्लीनर, धाब्यावरचं पोरगं,
एकटी आलेली बाई, फार हसणारी बाई.
मास्तरांना नाही. किराणावाल्याला नाही.
सप्ताहाची पावती फाडणाऱ्याला तर नाहीच.
माझी नजर कुठे चुकली,
ते कुठल्याच वहीत लिहिलेलं नसायचं.

हिलाल आप्पा चुकले माझ्याकडून.
शाळेतले क्लार्क, कपाळाला अष्टगंध.
आधी जुलाब, मग खोकला, मग कमरेला नागीण.
तीन केसपेपर, तीन वेगळ्या गठ्ठ्यांत.
कागदाला कागद कधी भेटला नाही.
चौथ्यांदा आले ते धुळ्याहून, गाडीत आडवे.
भटाबाईंनी मला काहीच विचारलं नाही,
माझ्या हातातल्या स्टेपलरकडे बघत राहिल्या.

आता कॉम्प्युटर आहे.
वीज गेली की तोही मे महिन्यात आमच्यासारखाच गप्प.
आली की नाव, वय, गाव,
मागच्या सगळ्या भेटी एकाखाली एक,
आणि शेवटी एक रकाना, आधीच खूण केलेला.
खूण काढायची तर कारण लिहावं लागतं.
पहिल्या आठवड्यात मी कारणं लिहिली:
‘वय जास्त’. ‘घरंदाज’. ‘ओळखीचे’.
जळगावहून आलेल्या पोराने ती मोठ्याने वाचली,
चहा पिता पिता, मनात काही नसताना.

तेव्हापासून सगळ्यांना विचारते.
साखर बघू, हिमोग्लोबिन बघू, एचआयव्ही बघू, चालेल?
एका दमात, एकाच आवाजात.
हा आवाज यायला एक अख्खा पावसाळा गेला.
आधी त्या तिसऱ्या शब्दापाशी जीभ पायरी चुकायची
आणि समोरच्याला बरोबर कळायचं.

सुपडू तात्या, ऐंशीचे, बोटात बाभळीचा काटा मोडलेला:
“माले काबर इचारस वं माय?”
सगळ्यांना विचारते, तात्या.
“सरपंचले बी?”
सरपंचांनाही.
“मंग त्यानं दोनदा ली ले.”
सुई टोचली तरी तात्या हसतच होते.

कुणी नाही म्हणतं. म्हणू द्यावं.
खूण काढते, लिहिते: नको म्हणाले.
पुढच्या खेपेला रकाना पुन्हा भरून येतो.
त्याला राग धरता येत नाही.

मंगळवारी एकीचा निघाला.
नाव सांगणार नाही, गावही नाही.
डोकं दुखतं म्हणून आली होती, एवढंच,
आणि जुन्या नजरेने मी तिला
सात जन्मात पाठवलं नसतं.
दार लावून दोनदा तपासलं, मग सांगितलं.
बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.
मग म्हणाली, गोळी जेवणाआधी का नंतर?
तिची शेवटची एसटी साडेपाचची होती.
मिळाली तिला.

परवा मलाच ताप भरला.
खिडकीच्या अलीकडे पहिल्यांदा बसले.
नवी मुलगी, शबनूर, टाइप करत होती,
माझं नाव, वय, गाव.
मग माऊसवरचं बोट थांबलं.
बावीस वर्षं सुया हाताळलेल्या मी,
नवरा सुरतेला, वर्षातून दोनदा येणारा,
आणि ती माझ्या तोंडाकडे बघत,
अगदी माझ्यासारखी:
“सिस्टर, तुमची खूण काढू?”

कारण काय लिहिशील, मी म्हटलं.

तिने खरंच विचार केला.
मागे कुणीतरी खोकलं. रांग सरकेना.
मी बाही वर सारली.