पिकदाणी

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात येतात ती माणसं,
इस्त्रीच्या कॉलरी, दात निळसर झालेले,
सकाळपासून फ्रोन्साकच्या टेकडीवरचं हे त्यांचं पाचवं तळघर.
मी मायलिस. पेले पुसते, पाव कापते,
आणि पिकदाण्या रिकाम्या करून येते मागच्या गटारात.
मला कुणी मत विचारत नाही,
त्यामुळे ऐकायला भरपूर वेळ मिळतो.

वाइन सात महिन्यांची.
गिलेंने पहाटे काचेच्या नळीनं पिंपातून ओढलेली,
बरीचशी मर्लो, उरलेली काबर्ने फ्रांक,
अजून गढूळ, गाल फुगवून बसलेली,
पाहुण्यांसमोर ढकललेल्या पोरीसारखी:
म्हण गं, म्हणून दाखव.

लंडनचे ग्रीनहाल्श म्हणाले, आलुबुखार.
ओर्तांस म्हणाली, छे, आलुबुखाराची साल.
त्यांनी पुन्हा पेला फिरवला, नाक बुडवलं
आणि तडजोडीच्या सुरात म्हणाले, बी.
ॲम्स्टरडॅमच्या उंच माणसाला व्हायोलेटची फुलं आली,
ओली पाटी आली, शिसपेन्सिलीचा भुसा आला,
मग बराच वेळ काहीच आलं नाही,
त्यानं तेही लिहून घेतलं.
टॅनिन जरा उर्मट आहे.
उर्मट नाही, लाजाळू.
मध्ये पोकळ वाटते.
पोकळ कसली, झोपलीय.

तुरट, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"आणि हलका धूर," ओर्तांस डोळे मिटून म्हणाली, "किती मोहक."
गिलें म्हणाला, पिंपाचा. ओक आतून भाजून घेतो आम्ही.
खरंच आहे त्याचं.
पण मला आठवली गेल्या एप्रिलची सत्तावीस तारीख:
उणे तीन, वेलींच्या ओळींमधून
मेणाचे डबे पेटवत चाललेलो आम्ही नऊ जण,
बारादांच्या सुनेनं नाइटगाऊनवर चढवलेला नवऱ्याचा कोट,
आणि उजाडताना गिलें
एका कोंबावर बोट ठेवून उभा,
पोराचा ताप बघावा तसा.
खालचा मळा काळा पडला. वरचा राहिला.
यातलं काही कुणाच्या वहीत उतरलं नाही.
उतरणार तरी कसं म्हणा,
जिभेला कुठे तारखा कळतात.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे.
ही माणसं पाय बघून थेट सांगतात
पोर कधी शहाणं होईल, कधी थकेल.
"दहा वर्षं तरी उघडू नये."
दहा वर्षांनी या तळघराच्या सोळा पायऱ्या
माझे गुडघे उतरतील का, ते कुणी सांगत नाही.

माझं शास्त्र वेगळं आहे.
ज्याला आवडत नाही तो लगेच थुंकतो, लांबून, नेम धरून.
ज्याला आवडते तोही थुंकतो, पण उशिरा,
आणि थुंकताना थोडा ओशाळलेला दिसतो.
संध्याकाळी कोपऱ्यातल्या एस्कुरूंची पिकदाणी उचलली
तर हलकी.
आत पत्रा कोरडा, लखलखीत, त्यात माझंच वाकडं तोंड.

तीनही घोट गिळले म्हाताऱ्यानं.
की विसरले थुंकायला? ऐंशीच्या पुढे आहेत,
सकाळी स्वेटर उलटा घालून आले होते.
बाहेर चुनखडीच्या भिंतीला टेकून
ते वरच्या मळ्याकडे बघत राहिले,
जिथे काळं पाखरू तारेवर बसून शेपूट हलवत होतं.
त्याच्यावरूनच मर्लो नाव पडलं, बाप सांगायचा,
घड पिकला हे आधी त्याला कळतं, मग मालकाला.
गाडीवाल्यानं दोनदा हॉर्न दिला.

मेमध्ये गुण आले.
ग्रीनहाल्श: अठ्ठ्याऐंशी ते नव्वद.
ओर्तांस: एक्याण्णव, पुढे अधिकचं चिन्ह.
उंच माणसानं नुसतं प्रश्नचिन्ह दिलं.
एस्कुरूंचं पोस्टकार्ड आलं सगळ्यात शेवटी,
थरथरत्या अक्षरात दोन वाक्यं:
वाइन अजून लहान आहे.
पाव चांगला होता.

गिलें चिडला, कार्ड टेबलावर आपटलं त्यानं.
मी ते उचलून एप्रनच्या खिशात घातलं.
पाव मी कापला होता. जाडसर.