बॅटरी काढलेला सेट

अंबादासमामानं पहिल्याच दिवशी
दोन्ही सेटच्या बॅटऱ्या काढून शर्टाच्या खिशात टाकल्या.
"जमिनीवरून यात बोलायचं नसतं.
ही वाट पाण्यातल्यांची."

समुद्र इथून एका रात्रीच्या एसटीवर.
घोंगडे वस्तीत शेजारच्या शेडमधले सोळा माग चालू,
आणि आम्ही तिघं गच्चीच्या तीन कोपऱ्यांत
मुक्या डब्यांशी बोलत.

डिसेंबरात मालवणला शिडाची होडी भाड्यानं घ्यायची होती.
तोवर हिप्परग्याचा तलाव, आणि श्रीनिवासची लाकडी होडी,
तिचं नाव त्यानं ठेवलं होतं कडक भाकरी.
होडीचं नाव सांगायचं तर तीनदा सांग, मामा म्हणाला.
मी गच्चीवरून ओरडायची,
कडक भाकरी, कडक भाकरी, कडक भाकरी,
आणि खाली विड्या वळणारी नरसम्मा विचारायची,
किती देऊ?

एकतीस वर्षं बंदरातल्या टगवर काढून
मामा परत आला तो असा कमी बोलणारा होऊन.

"आधी ऐक. कुणी बोलत असेल तर संपू दे.
सोळा नंबर म्हणजे चौक, कट्टा नव्हे.
गाठ पडली की बाजूच्या गल्लीत शिर, दुसरा चॅनल धर,
काय ते तिथं बोल, थोडक्यात.
बटण दाब. एक श्वास थांब. मग तोंड उघड,
नाहीतर पहिला शब्द पाण्यात पडतो.
झालं की ओव्हर. आणि बटण सोड.
सोडल्याशिवाय ऐकू येत नाही,
हे माणसं म्हातारी झाली तरी शिकत नाहीत."

एकदा म्हणे कुणी हौशी नावाडी माइकवरच बसला.
चाळीस मिनिटं अख्ख्या किनाऱ्यानं
त्याच्या बोटीवरचं भजी तळणं ऐकलं.
आम्ही हसून लोळलो.
मामा नाही हसला.
त्या चाळीस मिनिटांत कुणी हाक मारली असेल तर?

सेट बंद, म्हणून खरखरही तो तोंडानंच काढायचा,
दातांतून, आणि बारीकसं बटण फिरवायचा.
"खरखर थांबेल तिथंच थांब.
आणखी पिळलंस तर लांबचा बारीक आवाजही गेला."

अम्मा कोपऱ्यात चादरींच्या घड्या घालत होती.
सव्वीस वर्षं मागांच्या मधोमध.
तिच्या कानाचं बटण
कुणीतरी पार शेवटपर्यंत पिळून ठेवलेलं.

"मेडे केव्हा?"
"जीव जायची वेळ आली तेव्हा."
"नुसतं इंजिन बंद पडलं तर?"
"पॅन-पॅन. तेही तीनदा."
"आणि नुसती भीती वाटली तर?"
"सेट खाली ठेव. पाणी पी."
मग जिन्यावरून वळून:
"कुठं आहेस ते आधी. काय झालं ते मागून.
मधेच सेट गेला तरी निदान शोधायला कुठं यायचं ते कळेल."

शीड फाटलं ते किल्ल्याच्या पलीकडं.
इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प.
पाणी प्यायले.
बॅटरीसकट सेट इतका जड असतो, हे तेव्हा कळलं.
हात थरथरत होता, पण शब्द ओळीनं आले,
गच्चीवर ठेवलेले होते तसे:
पॅन-पॅन, पॅन-पॅन, पॅन-पॅन,
नाव, जागा, काय झालं, किती माणसं. ओव्हर.
अंगठा उचलला.
त्या दोन सेकंदांत कुठलाही माग चालत नव्हता.
मग एका मच्छीमाराचा आवाज, झोपमोड झाल्यासारखा:
"दिसता गे. थंयच ऱ्हव."

संध्याकाळी जेट्टीवरून घरी फोन लावला.
तिकडं शेड चालू, खटखट खटखट.
अम्मा, अम्मा, अम्मा. मी राजेश्वरी.
मालवण. जेट्टीवर. तिघंही धड.

"काय? कोण?
जेवलीस का? आवाजच येईना बघ,
ऐक, नरसम्माच्या नातीचं ठरलं, आणि..."

फोनला बटण नव्हतंच.
तरी मी अंगठा उचलला,
आणि ती थांबेपर्यंत
ऐकत राहिले.