मागचा डावा पाय

ओतूरच्या शाळेमागे, चिंचेखाली, दर शनिवारी
सहा पोरं आणि सहा शेळ्या.
लोक मला डॉक्टरीणबाई म्हणतात.
मी पशुधन पर्यवेक्षक; तेवीस वर्षं सुया टोचल्या,
आता उभं राहायला शिकवते.

पोरांना. शेळीला उभं राहता येतं.

पहिला धडा : दावं मनगटाला गुंडाळू नका,
बिथरली तर हातही जाईल तिच्यासोबत.
दुसरा : खरारा मानेकडून शेपटीकडे,
लव झुकते त्या दिशेनं,
आणि कानामागं बोट घालून बघा,
गोचीड तिथंच खोली घेऊन राहतो.
तिसरा धडा मी लगेच सांगत नाही.

विराज कोकरेला वाटायचं, आपल्याला काय शिकवणार!
त्याच्या आज्यानं शंभर मेंढरं नुसत्या शिळेवर वळवलेली.
पण रिंगणात शीळ घालायची नसते, बाळा.
तिथं एक जनावर, एक पंच,
आणि तुझ्या चड्डीला मागं लागलेली माती
अख्ख्या तालुक्याला दिसते.

जोहरा तांबोळी वही ठेवते :
'सोमवार. भरडा पाव किलो, सुबाभूळ एक पेंढी. लेंडी घट्ट.
मंगळवार. माझा निबंध खाल्ला. लेंडी घट्ट.'

आणि कोमल दुधवडे. बोलायची नाही.
ठाकरवाडीतून चार किलोमीटर शेळी चालवत आणायची,
पांढरी, पाठीवर तांबूस ठिपके, नाव बुंदी.
येता येता दोघी एकाच बाभळीशी थांबत असाव्यात,
दोघींच्या केसांत तीच पिवळी फुलं.

तीन महिने खुरं कातरली, खोबरेल चोळलं,
नाक न दाबता ओठ उचलून दात दाखवायला शिकलो.
आदल्या संध्याकाळी मी तिसरा धडा दिला :
पंच विचारतील, हिच्यात खोट काय?
'काही नाही' म्हणालात की संपलं.
ज्याला आपल्या जनावराची खोट माहीत नाही
त्यानं ते पाळलं नाही, नुसतं बांधलं.

जुन्नरच्या मैदानात फक्कीचं रिंगण,
माईकवाला स्वतःलाच हॅलो हॅलो म्हणतोय,
पलीकडं मुऱ्हा रेड्यासोबत फोटो काढायला रांग.
विराजची शेळी मधोमध बसली ती बसलीच.
जोहराच्या शेळीनं पंचांच्या गुणपत्रिकेचा कोपरा खाल्ला.
(वहीत नोंद आहे.)

मग बुंदी. चारही पाय चौकात,
कोमलची नजर पंचांवर, शिकवल्यासारखी.
"हिच्यात खोट काय, बाळ?"
"मागला डावा पाय आत वळतोय."
इतकंच पुरलं असतं.
"पहिले दोन महिने लई आखूड दाव्यानं बांधली मी.
उसात बिबट्या होता. दाराला चिकटून बांधायची.
तिला फिरू दिलंच नाय.
खोट माझीय, तिची नाय."

पंचांचं पेन थांबलं. मग चाललं.
पायाचे गुण कापले त्यांनी. कापायलाच हवेत,
मीही कापले असते.
तिसऱ्या नंबरपर्यंत ढाली होत्या, कोमल चौथी.

परतीच्या टेम्पोत सहा शेळ्या, सहा पोरं,
भेळेचा कागद कुणी खाल्ला यावरून भांडण.
बुंदी कोमलच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून उभी.
आळेफाट्याकडचा रस्ता मागं पडल्यावर
ती पहिल्यांदा आपणहून माझ्याशी बोलली :

"मॅडम, दावं किती हात पायजे?
पाय सरळ ऱ्हाईल, आन् बिबट्यालाबी घावणार नाय,
एवढं?"

तेवीस वर्षांत लसींची मात्रा मी मिलिलिटरात पाठ केली.
टेम्पोच्या कोपऱ्यात पडलेली दोरी उचलली,
एक टोक तिच्या हातात दिलं.
बाहेर दोन्ही अंगांना ऊस, माणसाहून उंच.
आम्ही मोजायला लागलो,
एक हात, दोन हात,
अडीचपाशी तिनं माझ्याकडं पाहिलं
आणि मला काही सांगता येईना.