पांढरं कोणतं

ओरुरोच्या संग्रहालयात, खालच्या खोलीत,
बुटाच्या खोक्यातून सात हार्ड डिस्क आल्या.
आर्नुल्फोच्या बायकोनं, तो गेल्यावर, आणून दिल्या.
वर सुतळी, गाठ इतकी पक्की
की मला दातांनी सोडवावी लागली.

त्यातल्या पाच बोलतात.
एक टकटक करते, आत कुणी अडकल्यासारखी.
एकीला काहीच म्हणायचं नाही.

चार हजार एकशे बारा फाईली, सगळ्या कच्च्या.
कच्च्या म्हणजे अजून फोटो न झालेल्या:
कॅमेऱ्याच्या डोळ्यामागे चौकोनी घरांची वस्ती,
दर घराला एकच रंग ठाऊक,
तांबडा, नाहीतर निळा, हिरव्याची घरं दुप्पट,
बाकीचे दोन शेजारून उसने आणायचे.
ते उसनं अजून कुणी मागायला गेलेलं नाही.
नुसती मोजदाद: किती उजेड आला, कुठल्या दारात.

सोबत कॅमेऱ्यानं स्वतःच केलेले पक्के फोटोही आहेत.
कुठेही उघडतात बिचारे.
पण सगळी सकाळ दोनशे छप्पन्न पायऱ्यांत कोंबलेली,
तळाच्या पायऱ्यांवर अंधार, तिथे कोण उभं, दिसत नाही.
मूळ जिना चार हजार शहाण्णव पायऱ्यांचा.

कॅमेरा करणारी कंपनी विकली गेली,
घेणारी आता दातांचे एक्स-रे काढते.
फाईल कशी लिहिली, त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.
ब्र्नोमधल्या एका माणसानं रात्री जागून ती उलगडली,
जगाला फुकट वाटली.
मी त्याला कोकाच्या पानांचा चहा पाठवला होता,
कस्टमवाल्यांनी परत पाठवला.

एक आकडा मात्र त्यालाही सुटला नाही:
त्या दिवशीच्या उजेडात पांढरं कशाला म्हणायचं.
ते कंपनीनं कुलपात ठेवलं
आणि किल्ली घेऊन मेली.

त्यामुळे पोओपो सरोवर माझ्या पडद्यावर
कधी हिरवं, कधी जांभळट,
कधी दूध जास्त झालेल्या चहासारखं.
खरं कसं ते जाऊन बघावं, तर तिथे आता
मिठाची खपली, आणि कुशीवर लवंडलेल्या होड्या.

शेवटी पुन्याकाहून सिक्स्तो वालेरोला बोलावलं.
वीस वर्षं त्या पाण्यात जाळं टाकलं त्यानं.
हल्ली कारखान्यात पोती भरतो.
"मिठाला जागतो," म्हणाला, "दुसरं राहिलंय काय."

विचारलं, यात पांढरं काय होतं?
मला वाटलं पक्षी दाखवेल, किंवा होडी.
"होडीला आम्ही नुसतं पांढरी म्हणायचो. पक्षी मळके."
बराच वेळ तो काही बोलेना.
मग काळ्या कोपऱ्याकडे बोट केलं: इथे उजेड कर.
मी एकेक पायरी उतरत गेले.
वल्हं आलं. वल्ह्यावर हात आला.
मनगटाला बांधलेली चिंधी आली.
"युवेन्सिओ. माझा भाऊ.
पिठाच्या पोत्याची चिंधी ती, आई राखेनं धुवायची.
ही पांढरी."

मी चिंधीवर क्लिक केलं.
पाणी राखाडी झालं, किंचित हिरवट, थंड.
"हां," सिक्स्तो म्हणाला, "असंच घाणेरडं होतं,"
आणि टोपी काढली.

ती फाईल मी उघड्या रचनेत उतरवली,
जुनी जशीच्या तशी नवीच्या पोटात.
टिपेच्या रकान्यात लिहिलं:
पांढरं: युवेन्सिओच्या मनगटावरची चिंधी. सांगणारा: सि. वालेरो.
तीन प्रती: दोन इथे, एक ला पाझला.
रोज रात्री बेरीज करायची,
एकही आकडा घरातून निघून गेलेला नाही ना.

उरल्या चार हजार एकशे अकरा.
दर सकाळीचा उजेड निराळा, तिचं पांढरं निराळं.
मी पुढची उघडली.
सिक्स्तोनं घड्याळ पाहिलं;
पुन्याकाची शेवटची बस साडेपाचला आहे.