सव्वा फेरा

यंत्र एकशे तीन म्हणत होतं.
वनिता नैताम फाटकापासूनच सांगत आली :
"तीन दिस झाले जी, एकशे तीनच.
डॉक्टर म्हणते, जास्तच हाय ना, मंग का बिघडलं?"

शंभरात एकशे तीन
परीक्षेत कुणाला पडत नाहीत,
हवेत कुठून पडतील.

सिंदेवाहीच्या पुढं भाताच्या बांध्या,
बांध्यांच्या मधोमध तीस खाटांचं रुग्णालय,
मागं पत्र्याच्या शेडात ऑक्सिजनचा प्लँट,
हापापल्यासारखा धापा टाकणारा.
वनिता त्याची राखणदार.
नोकरी लागल्यापासून केसांना तेल लावत नाही,
ऑक्सिजनला तेलाचं बोट सोसत नाही म्हणून.
आई म्हणते, पोरगी जोगीण झाली.

आधी जुनी नळी काढली, पिवळी पडलेली.
नवी कापली, अगदी काटकोनात.
नट, मागची फेरूल, पुढची फेरूल.
इद्रीसभाई शिकवायचे :
बोटानं आवळ, बोट थांबलं की पाना घे,
पान्याचा सव्वा फेरा, बस.
पुढं गेलीस तर पितळ रडतं,
आणि एकदा रडलेलं पितळ
कुणाचंच ऐकत नाही.

वाटीत साबणाचं पाणी.
जोडाजोडावर ब्रश फिरवला,
दोघी डोळे लावून बसलो.
एक बुडबुडा नाही.

नायट्रोजन सोडला : शून्य.
माहीत असलेला गॅस सोडला : दहानं जास्त.
शून्य तेवढं खरं बोलत होतं.
शून्याला कितीही दाबा, ते शून्यच राहतं.

मग काचेच्या नळीकडे पाहिलं.
गोटी तळाशी.
कुणीतरी झडप पुरती उघडून ठेवलेली,
गोटी वर येईना म्हणून
आणखी, आणखी.
आत रेटत राहिले सगळे.
बाहेरच्या तोंडाचं कुणाच्या मनात आलं नाही.

ती नळी शेडाच्या मागं निघते, मोहाच्या झाडाकडे.
तोंडात माती. लिंपलेली, गोल,
बारक्या मडक्यासारखी.
"कुंभारीण," वनिता म्हणाली,
आणि केसातली पिन काढून
हळूच टोकरलं तिनं ते घर
जुन्या केसपेपरवर.

आत पाच हिरव्या अळ्या.
मेलेल्या नाहीत.
डंख बसलेल्या, निपचित,
पुढच्या जिवासाठी ताज्या ठेवलेल्या.
वनिता वॉर्डाच्या खिडकीकडे बघत राहिली.
मी काही विचारलं नाही.
कागद तिनं झाडाच्या ढोलीत ठेवला,
घडी न मोडता.

आत येऊन झडप मिटली,
मग उघडली, केसाएवढी.
गोटी थरथरली, उठली,
अर्ध्या लिटरच्या रेघेवर येऊन
उभी राहिली.
त्र्याण्णव दशांश चार.
"कमी झालं ना जी," वनिता म्हणाली.
खरं झालं, मी म्हणाले, आणि रजिस्टरात लिहिलं.

एसटीला अजून पाऊण तास होता.
"मी फुकून पाहू का?"
पुस्तकात सक्त मनाई आहे,
ओल जाते, वाफ जाते.
मी नळी तिच्या हातात दिली.

ती फुंकत राहिली, डोळे मिटून,
चूल पेटवताना फुंकतात तशी, पण सावकाश.
आकडे उतरत उतरत
सोळा दशांश आठवर थांबले.
"अन् हवेत किती?"
वीस दशांश नऊ.

तिनं बोटांवर वजाबाकी केली.
"चारच? एवढ्यावर चालते मानूस?
बाकी सारं वापस देते?"

मी पाने पुसत होते.
शेडात प्लँट धापा टाकत होता.
तिनं पुन्हा एकदा श्वास घेतला,
या वेळी कुठंही न फुंकता,
आणि जरा वेळ
ठेवून घेतला.