सात नंबरची किल्ली

होटगी रोडच्या आतल्या अंगाला अकरा घरं,
मधे एक चौकोन.
कठड्यावर लोखंडी भाले, फाटकावर पाटी: खाजगी.
त्यातला 'खा' गंजून गेलाय,
उरलंय नुसतं 'जगी'.

भाड्याच्या करारासोबत किल्ली मिळाली,
पितळी, सात आकडा कोरलेली,
आणि घरमालकांची सूचना:
आत कुत्री नकोत, डबे नकोत, पाहुणे दोनच.

बँकेतून सुटलो की जाऊन बसायचो.
दोन बाकं, एक बुचाचं झाड,
कोरडं कारंजं, त्यात खारीनं दडवलेल्या शेंगा.
एप्रिलात पारा बेचाळीसवर, नळाला पाणी पाचव्या दिवशी,
तरी हिरवळ हिरवी.
कुणाच्या वाटचं पाणी, ते मी विचारलं नाही.
माळी इरय्या नळी धरून पाठमोरा उभा राही.

दुसरं कुणीच येत नसे.
दहा किल्ल्या दहा खुंट्यांवर.
बुचाचं फूल पडलं तरी
मी मागे वळून बघायचो.

साडेतीनला मात्र सावली उठायची,
भाल्यांना न विचारता
कठडा ओलांडून फुटपाथवर जायची.
तिथे बालामणी गज्जम आणि आणखी तिघी.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
तेंदूची पानं, कात्री, दोरा.
भांडण तेलुगूत, हिशेब मराठीत.
मुकादम पानं कमी देतो, हा रोजचा विषय.

मेमध्ये नव्या पेठेत जाऊन किल्लीची जोड करून आणली.
"बागेची?" किल्लीवाला म्हणाला,
"बागेला कुलूप असतंय व्हय?"
कागदात गुंडाळून बालामणीला दिली, चोरट्यासारखी.

दुसऱ्या दिवशी ती आत आली,
देवळात काढतात तशा चपला फाटकाशी काढून.
बाकावर बसली, अगदी कडेला.
इरय्यानं पाहिलं, नळी दुसरीकडे वळवली.
पाच मिनिटं. सहा.
मग उठली.

"गार हाय की ओ साहेब.
पर बसून करायचं काय? कोन बोलतंय हितं?"
किल्ली माझ्या हातात,
तंबाखूच्या वासासकट.

आता दोन किल्ल्या आहेत माझ्याकडे.
काल रविवार. साडेतीनला सावलीमागून
मीही फाटकाबाहेर आलो.
बालामणी सरकली नाही.
तिघींतल्या धाकटीनं मात्र, बोलणं न थांबवता,
सूप जरा अलीकडे ओढलं.
दीड वीत जागा झाली असेल.
फुटपाथ अजून तापलेला होता.