बी साइडचं दुसरं

कॅसेट सापडली कपॅसिटरच्या खोक्यात.
कव्हरवर चौघे, मागे लाल सिग्नल,
बँडचं नाव: आउटर.
भुसावळात दुसरं काय ठेवणार.

'साइड लोअर' तुम्ही ऐकलं असेल.
सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात कोणाचीच सुटका नव्हती,
यावलच्या काळीपिवळीत तेच, वरणगाव नाक्यावरच्या टपरीत तेच,
वरातीत क्लॅरिनेटवर,
बोर्डिंगच्या पोरांच्या अंघोळीत.
मृग लागला आणि संपलं.
दुसरी कॅसेट निघालीच नाही.
त्या एका गाण्यापाशी टेप इतकी घासलीय
की हेमराज भंगाळेचा आवाज
घोंगडीतून आल्यासारखा येतो.
बाकीची सात गाणी कोरी करकरीत.

पेन्सिल घालून ढिली टेप आवळली,
दुरुस्तीला आलेल्या, कोणी परत न नेलेल्या
डेकमध्ये टाकली.
खरं सांगतो, तिसरं गाणं रद्दी आहे.
'केळी'ला 'अवेळी' जुळवलंय, वर तीनदा म्हटलंय.
चौथ्यात लेस्लीची गिटार नुसती भांडायला उठते.
पण पाचव्यात शकील तडवी काठ्या बाजूला ठेवून
बोटांनी वाजवतो ड्रम,
आणि मी तेव्हा तेरा वर्षांचा, मला काय कळणार
एवढं हळू वाजवायला किती जोर लागतो.

माझं काम पंख्याचं.
रेल्वे इन्स्टिट्यूटचा हॉल, मे महिना,
रात्री अकरालाही भिंती तव्यासारख्या.
बाबा तिथले वायरमन, चावी आमच्याकडे.
गाण्याआधी मी बटण बंद करायचो,
पाती थांबेस्तोवर सगळे वर बघत बसायचे,
भिंतीवर निकाल लागावा तसे.
मग नेमकी मालगाडी जायची.
मग पुन्हा पहिल्यापासून.
शेवटचा सूर पार विझला की हेमराज म्हणायचा,
"लाव रे भो."

कव्हरच्या आत, आभारांच्या शेवटी,
मुंगीएवढ्या अक्षरात मी आहे:
'आणि पंखेवाला पोरगा'.
नाव विचारायचं राहून गेलं असणार.

बी साइडचं दुसरं.
गाडी आउटरला उभी आहे,
आपल्या गल्लीतला दिवा खिडकीतून दिसतो,
उतरता येत नाही. एवढंच गाणं.
हिट व्हायला हवं होतं असं म्हणणार नाही,
यावर कुठली वरात नाचली नसती.
शेवटची तार लांबत राहिली होती,
हेमराजच्या हनुवटीवरून घाम
माइकच्या दांडीवर टपटपत होता,
मला बघवेना.
मी बटण दाबलं.

कोणी ओरडलं नाही.
मशीन जळगावच्या माणसाचं, पहाटे परत द्यायचं,
पुन्हा वाजवण्याएवढी रात्र उरली नव्हती.
तसंच छापलं.

आज ऐकायला दुकानातला पंखा बंद केलाय.
बाहेर सेहेचाळीस.
तार लांबते, लांबते,
तिच्या पोटातून खट्,
मग घरघर, मग टिक टिक टिक,
आणि सत्तावीस वर्षांनी माझ्या कानाला कळतं,
बुश गेलेला होता.
दहा मिनिटांचं काम.
बाबा रोज त्याच्याखाली उभे राहून
विडी ओढायचे, त्यांनाही ऐकू आलं नाही,
की आलं होतं आणि राहू दिलं, कोण जाणे.

टेप मागे नेतो. पुन्हा खट्.
पुन्हा तो वेग घेतो,
शर्ट पाठीला चिकटलेला
तसाच राहतो.

दारात कंडारीच्या बाई उभ्या.
"झाला का आमचा कूलर?"
मी बोट वर करतो:
थांबा,
पाती अजून फिरताहेत.